धडक झाली, पण चेंडू कुठे होता? सॉफ्टबॉलमधल्या या चुका टाळा

शालेय सॉफ्टबॉलमध्ये सगळ्यात मोठे वाद होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते त्या शेवटच्या बेसवर होतात. रनर तिसऱ्या बेसवरून सुटलेली, लेफ्ट फिल्डचा थ्रो अजून हवेत, आणि कॅचर (प्लेटमागची फिल्डर) गुडघा टेकून अख्खी प्लेट अडवून बसलेली. रनर घसरत येते, तिचा पाय कॅचरच्या पॅडवर आदळून तिथेच अडतो. मग चेंडू येतो, मग टॅग, म्हणजे चेंडू धरलेल्या हाताने रनरला शिवणं. बाहेरून ‘आउट, आउट’ असा गलका. पण अंपायरचा डावा हात मूठ आवळून केव्हाच बाजूला आडवा झालेला असतो. हा ऑब्स्ट्रक्शनचा, म्हणजे चेंडू हातात नसताना रनरची वाट अडवल्याचा इशारा. धाव मिळते.

यात त्या पोरीला दोष देऊ नका, तिला तसं बसायला आपणच शिकवतो. ‘थ्रो येतच होता’ हे कारण चालत नाही. चेंडू ग्लव्हमध्ये आल्यावरच वाट अडवता येते. तोवर रनरला प्लेट दिसली पाहिजे, पोचता आलं पाहिजे. धक्का लागायलाच हवा असंही नाही. तिला वेग कमी करावा लागला, वळसा घ्यावा लागला, तरी पुरे. चेंडू नसताना टॅगची हूल देणं हेही ऑब्स्ट्रक्शनच.

रनरची चूक वेगळी: अडवलं की ती थांबून अंपायरकडे बघते. खेळ लगेच थांबत नसतो, धावत राहा. पुढचा बेस आपोआप मिळतो हाही गैरसमज आहे. अडथळा नसता तर ती जिथवर पोचली असती, तोच बेस मिळतो.

फटका मारलेल्या चेंडूला मात्र उलटा न्याय. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली फिल्डर) तो अडवायला वाकली असेल तर वाट तिची. ‘मी माझ्या रेषेत होते, मुद्दाम नाही धडकले’ हे ऐकलं जात नाही. रनर आउट, चेंडू डेड, म्हणजे खेळ तिथेच थांबतो. वळसा घालून जा, त्यासाठी कोणी आउट देत नाही. आपल्या वाटेपासून तीन फुटांपेक्षा बाजूला न जाण्याची मर्यादा टॅग चुकवताना लागते. आणि चेंडूमागे दोघी धावल्या तर संरक्षण एकीलाच.

चेंडू हातात असलेल्या फिल्डरवर उभ्याने, मुद्दाम जोरात आदळलात तर आउट. प्रकार गंभीर असेल तर सामन्याबाहेरही. स्लाइड (घसरत बेस गाठणं) सक्तीची नाही, पण माझ्या मुलींना मी तीच करायला लावते.

पहिल्या बेसवर दुहेरी (दोन रंगांचा जोड) बेस असेल तर नारिंगी भाग धावणारीचा, पांढरा फिल्डरचा. हे सरावातच पायात बसवा.