काजव्यांच्या ट्रेकला डास फोडून काढतात? या चुका टाळा

मे संपत आला की काजवे बघायला राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडीकडे झुंबड उडते. सोमवारी तीच मंडळी हातापायांवर गांध्या घेऊन ऑफिसात खाजवत बसलेली असतात. "एवढं ओडोमॉस चोपडलं, काही उपयोग झाला नाही" हे ठरलेलं वाक्य. होणार कसा? आधी जागा, मग कपडे, मग क्रीम, असा क्रम आहे. लोक ट्यूबपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

गडावरच्या खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्याच्या काठाला तंबू ठोकणं. ही माझी सगळ्यात नावडती चूक. कारण विचारलं तर म्हणे, भांडी घासायला पाणी जवळ पडतं. मे अखेरीला गडावरची बरीच टाकी तळाला गेलेली असतात, उरलेलं पाणी हिरवं आणि निपचित. उन्हं असतानाच काठावर उकिडवं बसून नीट बघा. पाण्याच्या वरच्या थराला डोकं खाली करून लटकलेल्या बारीक अळ्या दिसतील. हाताची सावली पडली की सगळ्या एकदम वळवळत तळाकडे जातात, मिनिटाभरात पुन्हा वर येतात. या उष्म्यात अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. चावते ती मादी, आणि रक्त पिऊन झालं की अंडी घालायला ती पुन्हा पाण्याकडेच येते. म्हणजे तुम्ही तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच पथारी टाकलेली असते.

डास उडायला फार कमजोर. घरी पंख्याखाली कमी चावतात ते याचमुळे. म्हणून मी पोचल्यावर सॅक उतरवण्याआधी चिमूटभर माती हवेत सोडून वारा कुठून येतोय ते बघतो. पाण्यापासून शे-दीडशे पावलं लांब, कारवीच्या दाटीतून बाहेर, मोकळ्या पठारावर तंबू लावायचा आणि पाणी कॅनमधून वाहून आणायचं. एवढे कष्ट होत नसतील तर डासांबद्दल तक्रार करू नये. वळवाचं आभाळ गडगडायला लागलं तर मात्र उघड्यावरून मुकाट्याने उठा. विजेपेक्षा डास परवडले. राजमाचीला उधेवाडीत घरी उतरणार असाल तर तिथल्या मामांना सरळ विचारा, "मामा, रात्री वारा कुठल्या अंगाला लागतो?" त्यांनी दाखवलेली ओसरी तुमच्या महागड्या तंबूपेक्षा बरी निघते.

कड्याखाली धूर करणं. ही चूक नुसती त्रासाची नाही, जिवावरची आहे. जुन्नर भागातल्या एका किल्ल्यावर आम्ही संध्याकाळी पोचलो, तर लेण्यापुढच्या मोकळ्या जागेत एका ग्रुपची पोरं ओला पाला आणि गवत गोळा करून पेटवायच्या तयारीत. "काका, डास लय आहेत, जरा धूर करतो." मी वर बोट दाखवलं. डोक्यावरच्या कपारीला आग्या मोहोळाची चार-पाच पोळी लोंबत होती. त्यातल्या एकाने काडी ओढलीच. धुराचा पहिला लोट वर गेला आणि पोळ्याच्या अंगावरून काळी लाट सरकली. एका कडेच्या माश्या पोटं उचलतात, मग शेजारच्या, मग त्यांच्या शेजारच्या. हा त्यांचा इशारा असतो. आमचं प्यायचं पाणी ओतून ती आग विझवली, तोवर काही माश्या खाली आल्याच. एक पोरगा हात झाडत, ओरडत जागच्या जागी नाचायला लागला आणि त्यालाच सात-आठ नांग्या लागल्या. एक चावली की तिथे उरलेल्या वासावर बाकीच्या येतात. अशा वेळी डोकं-तोंड कापडात गुंडाळून सरळ पळायचं आणि नंतर काटा नखाने खरवडून काढायचा. पूर्ण पोळं उठलं असतं तर हा किस्सा मी इतक्या निवांतपणे सांगितला नसता.

शिवाय मे महिन्यात गवत वाळून कोरडंठाक झालेलं असतं, ठिणगीचा वणवा व्हायला वेळ लागत नाही. भंडारदऱ्याचा बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे जंगलात आग पेटवणं गुन्हा आहे. आणि बंद तंबूत कॉइल लावणाऱ्यांना तर हात जोडून नमस्कार. नायलॉनचं कापड, आत झोपलेली माणसं आणि पेटती कॉइल!

अंगाला चिकटलेल्या काळ्या टाइट्स. ताणलेल्या कापडातून डास आरामात चावतो, आणि गडद रंग त्याला चटकन दिसतो. सैल, फिक्या रंगाची, पूर्ण बाह्यांची कापडं उन्हं कलायच्या आत घाला, पायजमा मोज्यात खोचा. फोटोत बावळट दिसाल, दिसा.

क्रीम एकदाच लावणं. मेच्या घामात ते तासा-दोन तासांत उतरतं. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून क्रीम. घोटे, कानामागची जागा आणि मान विसरू नका. डीईईटी (डास पळवणाऱ्या काही क्रीम-स्प्रेंतलं रसायन) असलेलं औषध वापरत असाल तर लावल्यावर तळहात पुसा. एकाच्या चष्म्याच्या प्लॅस्टिक काडीवर त्याच्याच बोटांचे ठसे कायमचे उमटलेले मी पाहिलेत.

काजव्यांच्या झाडाखाली स्प्रे मारणं. काजवाही कीटकच आहे हो. जे बघायला आलात त्यालाच मारताय. अंगाला लावायचं ते गाडीपाशी लावून या.

डास पळवणारं मोबाइल ॲप, आदल्या दिवशी लसूण खाणं, व्हिटॅमिनच्या गोळ्या: विसरा.

तंबूची चेन उघडी ठेवून गप्पा मारायच्या आणि मग रात्रभर टाळ्या वाजवायच्या, हाही एक आवडता कार्यक्रम. आत शिरलं की लगेच चेन लावा आणि आडवं होण्याआधी टॉर्चने चारही कोपरे तपासा. आत शिरलेले दोन-तीन तिथेच बसलेले सापडतात.

तळकोकणात सावंतवाडी, दोडामार्गकडे जाणार असाल तर डासांइतकंच लक्ष गोचिडांवर ठेवा. तिथे गोचिडांच्या चाव्यातून होणारा माकडताप आहे. परत आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागे बघा.

घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांत थंडी वाजून ताप आला तर मेडिकलमधून गोळी आणून अंगावर काढू नका. रक्त तपासून घ्या आणि कुठल्या जंगलात मुक्काम केला होता ते डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.