मिडीतली इलेक्ट्रिक गिटार कीबोर्डसारखी वाजतेय? या चुका टाळा

लातूर, नांदेड, परभणीच्या छोट्या स्टुडिओंत भीमगीत असो, गोंधळ असो की लग्नाचं गाणं, गिटारचा पीस बऱ्याचदा कीबोर्डवरूनच मिडीने (सूर आकड्यांत नोंदवणाऱ्या पद्धतीने) भरला जातो. पॅच (वाद्याचा तयार आवाज) चांगला असतो, सूरही बरोबर लागतात, तरी ऐकणारा म्हणतो, "गिटार वाटत नाही." यात पॅचचा दोष क्वचितच असतो. गिटारला सहा तारा आहेत, एका तारेवर एका वेळी एकच सूर निघतो आणि तो बोटाने ताणता येतो. खालच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

बेंडची रेंज न तपासणं

सगळ्यात जास्त काम इथेच बिघडतं. पिच बेंडचा (सूर वर-खाली सरकवणाऱ्या संदेशाचा) आकडा −८१९२ ते +८१९१ असतो, पण त्या आकड्याने सूर किती चढेल हे वाजवणारं वाद्य ठरवतं. बहुतेक वाद्यांत सुरुवातीला ±२ सेमीटोन (अर्धे स्वर) असतं, म्हणजे पूर्ण बेंड दिला की सा चा रे होतो. काही गिटार प्लगिनांत (सॉफ्टवेअर वाद्यांत) हीच रेंज ±१२ असते. तिथे ±२ धरून काढलेला बेंड लावला की सा थेट तार सप्तकातल्या सा वर जाऊन आदळतो. उलट, ±१२ धरून एका पूर्ण स्वरासाठी १३६५ दिलं आणि वाद्य ±२ वर असलं, तर सूर जेमतेम ३३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो आणि नुसता बेसूर वाटतो.

उपाय सोपा आहे. ट्रॅकच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या सुराच्या आधी, दोन-चार टिकच्या (मिडीतल्या वेळेच्या सर्वांत लहान मापाच्या) अंतराने आणि याच क्रमाने हे सीसी (कंट्रोल चेंज) संदेश टाका: सीसी १०१ = ०, सीसी १०० = ०, सीसी ६ = १२ (हीच रेंज), सीसी ३८ = ०. शेवटी सीसी १०१ आणि १०० दोन्ही १२७ करा, म्हणजे पुढे सीसी ६ चुकून हलला तरी रेंज जागची हलत नाही. काही प्लगिन हे संदेश मानतच नाहीत. त्यांची रेंज त्यांच्या पॅनलवरून हाताने लावा.

बेंड आणि व्हायब्रेटोचा आकार

हार्मोनियमवरून कीबोर्डकडे वळलेला हात कळ दाबतानाच बेंडचं व्हील ढकलतो. गिटारवर तार आधी छेडली जाते, मग ताणली जाते. म्हणून मूळ सूर क्षणभर ऐकू द्या आणि मग १५० ते २५० मिलिसेकंदांत वर न्या. पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ नको. सुरुवात सावकाश, मध्ये वेग, टोकाला पुन्हा हळू.

व्हायब्रेटोसाठी (सुराच्या कंपनासाठी) सीसी १ (मॉड्युलेशन व्हील) सरसकट वापरू नका. त्याने सूर मूळ जागेच्या वर-खाली दोन्हीकडे हलतो. फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्टीवर) दाबलेली तार ताणली की सूर फक्त वर जातो आणि परत मूळ जागी येतो. म्हणून बेंडनेच ० ते +३० सेंट अशा लाटा काढा, सेकंदाला पाचेक. ±२ च्या रेंजमध्ये ३० सेंट म्हणजे साधारण १२३०. आधीच ताणलेल्या सुरावर मात्र लाट खाली उतरून पुन्हा टोकाला यायला हवी. सूर लागल्या लागल्या हलवायला लागू नका, आधी तो ठरू द्या.

आणखी एक गोष्ट: बेंड पूर्ण चॅनलला, म्हणजे त्यावरच्या सगळ्या सुरांना लागतो. जी तारेच्या सातव्या फ्रेटवरचा ६२ (मिडीतला सुराचा क्रमांक) ताणून बी तारेच्या पाचव्या फ्रेटवरच्या ६४ ला मिळवायचा असेल आणि दोन्ही सूर एकाच चॅनलवर असतील, तर दोन्ही सोबतच चढतात आणि कधीच मिळत नाहीत. ताणायच्या तारेला वेगळा चॅनल द्या.

बेंड शून्यावर आणायचं राहिलं की पुढचा सगळा पीस चढा वाजतो. शून्य टाकायची जागा पुढच्या सुराच्या ५ ते १० टिक आधी. सूर सुटताक्षणी टाकलं तर विरणारा आवाज मध्येच खाली घसरतो.

पट्टी बदलताना गिटारवर नसलेले सूर

ई मेजरचा उघडा (मोकळ्या तारांसह वाजणारा) कॉर्ड ४०, ४७, ५२, ५६, ५९, ६४ असा असतो. गायकाने काळी २ (डी शार्प) मागितली आणि नुसतं ट्रान्सपोज −१ केलं, तर तळाचा सूर ३९ होतो. नेहमीच्या ट्युनिंगमध्ये तो सूर गिटारवर नाहीच. गिटारवाला अशा वेळी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारी पकड) लावून डी चा आकार धरतो. तुम्हीही ५१, ५८, ६३, ६७ लिहा. उजव्या हाताची सा-ग-प अशी जवळजवळची तीन बोटं तर गिटारच्या पूर्ण कॉर्डसारखी वाटत नाहीत.

स्ट्रमिंगमध्ये (तारांवर फटका मारताना) सगळे सूर एकाच रेघेवर क्वांटाइझ करू नका, म्हणजे ठोक्यावर अचूक बसवू नका. खाली जाणाऱ्या फटक्यात जाड तारेपासून बारीक तारेकडे, प्रत्येक तारेला ८ ते १५ मिलिसेकंद उशीर द्या. वर येणाऱ्या फटक्यात उलट क्रम ठेवा आणि वरच्या तीन-चार ताराच घ्या. १२० टेम्पो आणि बीटला ४८० टिक असतील तर एक टिक म्हणजे जवळपास एक मिलिसेकंद.

डिस्टॉर्शनवर पूर्ण कॉर्ड

डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) प्रत्येक दोन सुरांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार करतं. गंधार आला की त्यांचा चिखल होतो. फक्त सा-प-सा ठेवा, उदाहरणार्थ ४०-४७-५२.

पाम म्यूटसाठी सूर नुसता आखूड करून भागत नाही, कारण तळहात टेकवल्यावर आवाजाचा पोतच बदलतो. जनरल मिडीत (पॅचच्या क्रमांकांच्या ठरलेल्या यादीत) त्यासाठी २९ क्रमांकाचा पॅच आहे. ० पासून मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तोच २८ वर सापडेल.

हॅमर-ऑनचा (पुन्हा न छेडता बोट आपटून काढलेला) दुसरा सूर नव्याने छेडलेला वाटू नये. साध्या पॅचवर एकच लांब सूर ठेवून बेंडचा आकडा एका झटक्यात वर न्या. स्लाइडला मात्र अर्ध्या-अर्ध्या स्वराच्या पायऱ्या द्या, कारण मध्ये फ्रेट आहेत.

आवाज माशीसारखा घोंघावणं

डिस्टॉर्शननंतर कॅबिनेट (गिटारच्या स्पीकरच्या पेटीचा आवाज देणारा इफेक्ट) नसलं की असं होतं. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं कापतो. क्रम असा ठेवा: क्लीन पॅच, ओव्हरड्राइव्ह, अॅम्प, कॅबिनेट, शेवटी डिले आणि रिव्हर्ब. पॅच आधीच डिस्टॉर्शनचा असेल तर वर पुन्हा अॅम्प लावू नका.

डाव्या-उजव्या गिटारसाठी तोच ट्रॅक कॉपी करून दोन टोकांना ठेवला तर आवाज मोठा होतो, रुंद होत नाही. कॉपी थोडी सरकवली तर मोनो स्पीकरवर काही फ्रिक्वेन्सी कटतात आणि गिटार पोकळ वाटते. मिरवणुकीतल्या गाडीवर दोन्ही बाजूंना एकच मोनो आवाज जात असेल तर हे लगेच कळतं. दुसरा ट्रॅक नव्याने वाजवा, शक्यतो वेगळ्या पॅचवर, आणि मास्टर मोनो करून एकदा ऐका.