म्यूकस ग्रंथींची स्लाइड वाचताना या चुका टाळा

एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या दोन रंगांनी) रंगवलेल्या स्लाइडवर म्यूकस पेशी, म्हणजे चिकट स्राव बनवणारी पेशी, फिकट, जवळजवळ पोकळ दिसते. स्पॉटिंगमधले (स्लाइड बघून ओळखायच्या परीक्षेतले) निम्मे घोळ या फिकटपणामुळेच होतात. पेशी खरं तर म्यूसिनने (चिकट स्रावातल्या मुख्य घटकाने) गच्च भरलेली असते. पण ऊतक तयार करताना त्यातलं काही निघून जातं, आणि उरतं ते इओसिन घेत नाही, हिमॅटॉक्सिलिनही जेमतेम घेतं. म्हणून मागे फेसाळ जाळी दिसते. ग्रंथी ओळखताना आधी केंद्रक बघा, मग पोकळी, आणि रंग सगळ्यात शेवटी.

म्यूकस पेशीचं केंद्रक तळाला दाबून चपटं झालेलं असतं आणि ॲसिनसची (स्राव बनवणाऱ्या पेशींच्या झुबक्याची) मधली पोकळी बऱ्यापैकी रुंद असते. सिरस (पातळ स्राव बनवणाऱ्या) पेशीचं केंद्रक गोल, तळाकडच्या भागात; पेशीचा तळ निळसर, टोकाकडे गुलाबी कण आणि पोकळी इतकी अरुंद की बऱ्याचदा दिसतच नाही.

चरबीला म्यूकस म्हणणं ही नेहमीची चूक, विशेषतः पॅरोटिडच्या (कानाजवळच्या लाळग्रंथीच्या) स्लाइडवर. माणसाची पॅरोटिड जवळपास पूर्ण सिरस असते, पण तिच्यात चरबीच्या पेशी भरपूर असतात. चरबीच्या पेशीत एकच मोठी स्वच्छ पोकळी, कडेला पातळ रेघ आणि बाजूला सरकलेलं केंद्रक असतं. अशा पेशी एका सामाईक पोकळीभोवती रचलेल्या नसतात. म्यूकस पेशींची टोकं मात्र एका पोकळीकडे वळलेली असतात. ४०च्या ऑब्जेक्टिव्हवर कंडेन्सरचा डायफ्रॅम थोडा मिटवा; तो पूर्ण उघडा असेल तर प्रकाशात ती फेसाळ जाळी धुऊन निघते आणि दोन्ही सारख्याच पांढऱ्या दिसतात.

नलिकेला म्यूकस ॲसिनस समजण्याचा प्रकारही होतो, कारण पोकळी दोन्हीकडे रुंद. नलिकेचा पेशीद्रव गुलाबी असतो आणि केंद्रक गोल, साधारण मध्यावर. शंका तेवढ्यावर मिटते.

एकाच फील्डवरून ग्रंथीचं नाव ठरवू नका. सबमँडिब्युलर (जबड्याखालची लाळग्रंथी) मिश्र असली तरी तिच्यात सिरस भाग जास्त असतो. सबलिंग्वलमध्ये (जिभेखालच्या लाळग्रंथीत) म्यूकस जास्त आणि रेषांकित नलिका (पेशींच्या तळाशी उभ्या रेषा दिसणाऱ्या) तुरळक. सबमँडिब्युलरचा एखादा म्यूकस पट्टा नेमका समोर आला की ‘सबलिंग्वल’ लिहून मोकळे होणारे दर बॅचला भेटतात. लो पॉवरवर पूर्ण काप फिरवा. स्लाइड प्राण्याची असेल तर आणखी सावध: कुत्र्याच्या सबमँडिब्युलरमध्ये म्यूकस भागच जास्त असतो, आणि उंदराच्या याच ग्रंथीत लाल कणांच्या नागमोडी नलिका असतात, ज्या माणसात नसतात.

डेमिल्यून, म्हणजे म्यूकस ॲसिनसवर टोपीसारखी बसलेली सिरस पेशींची चंद्रकोर, जानुझ्झीने १८६५ मध्ये वर्णिली. अतिजलद गोठवून तयार केलेल्या ऊतकात मात्र त्याच सिरस पेशी म्यूकस पेशींच्या रांगेत, पोकळीपर्यंत पोचलेल्या दिसतात. नेहमीच्या फिक्सेशनमध्ये म्यूसिन फुगतं आणि शेजारच्या सिरस पेशींना बाहेर ढकलतं. जर्नलमध्ये चंद्रकोर जरूर काढा, कारण समोरच्या स्लाइडवर ती आहे. फक्त जिवंत ग्रंथीची रचना तशीच असते असं तोंडी परीक्षेत ठामपणे सांगू नका.

पोटाच्या मार्गातल्या ग्रंथींमध्ये खोली न पाहणं महागात पडतं. ब्रुनर ग्रंथी ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) सबम्यूकोसात, म्हणजे म्यूकोसा या आतल्या अस्तराखालच्या थरात असतात; पायलोरसच्या (जठराच्या शेवटच्या भागाच्या) ग्रंथी लॅमिना प्रॉप्रियात, म्हणजे म्यूकोसातच. अन्ननलिकेतही सबम्यूकोसात म्यूकस ग्रंथी असतात, पण वर बहुस्तरीय चपट्या पेशींचं आवरण असतं; ड्युओडेनममध्ये व्हिलाय (बोटांसारखे उंचवटे). ब्रुनर ग्रंथींचा काही भाग मस्क्युलॅरिस म्यूकोसी (या दोन थरांमधला पातळ स्नायूपट्टा) ओलांडून वर म्यूकोसातही डोकावतो, त्याने गोंधळू नका.

रंजनात काय बिघडतं

खात्रीसाठी अल्शियन ब्लू–पीएएस (पीरियॉडिक ॲसिड–शिफ) हे म्यूसिनचं खास रंजन करतात. ४ ते ५ मायक्रॉनचे काप घ्या. जाड कापात केंद्रकं एकावर एक येतात. ३ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये तीन मिनिटं, मग पीएच २.५ चं १ टक्का अल्शियन ब्लू तीस मिनिटं, वाहतं पाणी, ०.५ टक्के पीरियॉडिक ॲसिड पाच ते दहा मिनिटं, डिस्टिल्ड पाणी, शिफ द्रावण पंधरा मिनिटं, पुन्हा वाहतं पाणी दहा मिनिटं आणि शेवटी अगदी हलकं हिमॅटॉक्सिलिन. आम्ल म्यूसिन निळं, उदासीन म्यूसिन किरमिजी, मिश्र जांभळं. क्रम उलटा केला तर आम्ल म्यूसिनवरही आधी किरमिजी रंग चढतो आणि फरक पुसला जातो.

किरमिजी रंग फिका आला तर पहिला संशय शिफ द्रावणावर. ते बाटलीतच गुलाबी झालं असेल तर बाद. तपासायचं असेल तर त्याचे काही थेंब १० मिलि फॉर्मॅलिनमध्ये टाका: लगेच लालसर जांभळं झालं तर चांगलं, रेंगाळत निळसर झालं तर टाकून द्या. फ्रिजमधून काढल्याबरोबर वापरू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. शेवटचं पाणी घाईत आटोपलं तरी रंग फिकाच राहतो, कारण तो त्या पाण्यातच खुलतो.

सगळंच किरमिजी दिसलं तर ग्लायकोजेनचा (पेशीत साठवलेल्या साखरेचा) विचार करा. तोही पीएएस घेतो. दुसऱ्या कापावर आधी डायास्टेज (ग्लायकोजेन पचवणारं विकर) वापरा. उरेल ते ग्लायकोजेन नव्हे.

कंट्रोल (रंजन नीट झालं का हे पडताळायचा काप) म्हणून ड्युओडेनमचा काप सोयीचा: गॉब्लेट पेशी (अस्तरातल्या एकेकट्या म्यूकस पेशी) निळ्या-जांभळ्या आणि ब्रुनर किरमिजी, दोन्ही एकाच काचेवर. फक्त सल्फेटयुक्त म्यूसिन हवं असेल तर अल्शियन ब्लू पीएच १.० वर वापरतात. तिथे नंतर पाण्याने धुऊ नका, फिल्टर पेपरने टिपून घ्या. पाण्याने पीएच चढतो आणि नको ती म्यूसिनंही निळी होतात.