मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि खरा वेळ कसा काढायचा

आईबाबा पहिल्यांदाच मुलाकडे न्यू जर्सीला निघाले की घरात एकच प्रश्न, किती तास लागतात? एक साईट १४ म्हणते, दुसरी १६, आणि तिकिटावर बघावं तर रात्री दीडला निघून त्याच दिवशी सकाळी साडेसातला पोचतंय, म्हणजे काय फक्त सहा तास?

आधी अंतर बघू. कॉम्प्युटरवर गूगल मॅप्स उघडा, मुंबई एअरपोर्टवर राइट क्लिक करून अंतर मोजायचा ऑप्शन घ्या आणि न्यूयॉर्कच्या जेएफके एअरपोर्टवर क्लिक करा, साधारण साडेबारा हजार किमी येतं. घरात मुलांचा ग्लोब असेल तर अजून मजा. दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा. ३० सेंमी व्यासाच्या ग्लोबवर १ सेंमी म्हणजे जवळपास ४२५ किमी, दोरा भरतो साडेएकोणतीस सेंमीच्या आसपास. आणि तो जातो कुठून बघा, अरबस्तान-आफ्रिकेवरून नाही, तर सेंट पीटर्सबर्गजवळून, आइसलंडवरून, ग्रीनलंडच्या खालच्या टोकाशी. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे कळतच नाही.

आता तास. किमीला ८५० ने (विमानाचा साधारण ताशी वेग) भागा, वर अर्धा तास चढण्या-उतरण्याचा. म्हणजे सव्वापंधरा तास. पण हा झाला अंदाजच, कारण विमान त्या दोऱ्यावरून जाईलच असं नाही. २०२२ पासून अमेरिकन कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हद्द बंद केली, मग वळसा आलाच. शिवाय वारा. वरती पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे असतात, हिवाळ्यात तर फारच, त्यामुळे जाताना जास्त वेळ आणि परत येताना तास-दीड तास कमी. एअर इंडियाने २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, रस्ता हजार किमीहून जास्त लांब पण वारा पाठीशी, म्हणून वेळ उलट कमी! त्यामुळे नुसत्या किमीवर जाऊ नका.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे तिकीटच, फक्त वाचता आलं पाहिजे. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेदहा. समजा वरचं तिकीट जुलैचं आहे. सकाळच्या साडेसातमध्ये साडेनऊ मिळवा, आपले संध्याकाळचे पाच. रात्री दीड ते संध्याकाळी पाच, साडेपंधरा तास. झालं. परतीला उलटं, न्यूयॉर्कची सुटायची वेळ आपल्या वेळेत आणा आणि वजा करा, तारीख मात्र नीट बघा, पुढच्या दिवसाची असते.

दुबईवरून तिकीट स्वस्त मिळतंय? अंतर जेमतेम ४०० किमी वाढतं, मुंबई-दुबई सव्वाएकोणीसशे आणि पुढे अकरा हजार. वेळ खातो तो लेओव्हर, म्हणजे मधल्या एअरपोर्टवरचा थांबा, दोन तासांचा की नऊ तासांचा तेवढंच बघा. वयस्कर माणसं असतील तर मला विचाराल तर तीन-चार तासांचा बरा, धावपळ नको.

आणि घ्यायला येणाऱ्याला विमान उतरायची वेळ सांगून ताटकळत ठेवू नका, इमिग्रेशनची लाईन आणि बॅगा धरून दीड-दोन तास पुढचे सांगा.