हेडचं काम झाल्यावर सुटलेला सेन्सर कसा शोधायचा

2000 ते 2010 मधली पेट्रोल गाडी. हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवलं, त्याखालचं गास्केट म्हणजे सील बदललं, सगळं परत जोडलं, सेल्फ मारला आणि गाडी सुरूही झाली. मग चेक लाइट पेटतो, किंवा लाइट न पेटताच गाडी जड चालते, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. नवीन मुलगा इथे पहिला विचार करतो तो सेन्सर बदलायचा. थांबा. काल चालत असलेला सेन्सर हेड उतरवल्यामुळे क्वचितच मरतो. कप्लर (वायरचा प्लग) लावायचा राहिलाय, पिन मागे सरकलीय, अर्थिंगची वायर राहिलीय, नाहीतर कप्लर भलत्या जागी बसलाय, यांतलं काहीतरी असतं. आणि हे चारही एक पैसा न घालता सापडतं.

आधी चावी बंद करून हात फिरवा, कारण डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना लागतं. मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांच्या) मागची बाजू, थ्रॉटल बॉडीच्या खाली, थर्मोस्टॅटच्या हाउसिंगजवळ, गिअरबॉक्सच्या वर. प्रत्येक कप्लर धरून हलकेच मागे ओढा. लॉक तुटलेला असेल तर तो हातात येईल. बसलेला असेल तरी एकदा काढून आतल्या पिना समोरून बघा, सगळ्या एका रेषेत हव्यात. एखादी दोन मिलिमीटर मागे गेलेली असली की बाहेरून कप्लर पक्का वाटतो, पण आत पिनेला पिन भेटत नाही.

लटकणारा रिकामा कप्लर दिसला म्हणून घाबरू नका. एकच वायरिंग एसीवाल्या, बिनएसीवाल्या, पॉवर स्टिअरिंगवाल्या गाड्यांना जातं, त्यामुळे जोडीदार नसलेला कप्लर कंपनीतूनच आलेला असू शकतो. टॉर्च मारून आत बघा. कायम रिकामा राहिलेल्या कप्लरच्या पिनांवर धूळ बसून त्या काळवंडलेल्या असतात. परवापर्यंत जोडलेल्याच्या पिना चकचकीत असतात आणि रबरी सीलचा स्वच्छ गोल ठसा दिसतो. चकचकीत पिना दिसल्या की जोडीदार शोधायलाच हवा.

अर्थिंगचं थोडक्यात सांगतो. पुष्कळ गाड्यांत ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) अर्थच्या वायरींचे डोळे, म्हणजे टोकाच्या गोल कड्या, मॅनिफोल्डच्या किंवा थर्मोस्टॅटच्या बोल्टखाली असतात आणि घाईत ते वायरिंगच्या मागे लपून राहतात. एकदम तीन-चार सेन्सर वेडं वाचन दाखवायला लागले तर आधी हेच बघा. इंजिन चालू, दिवे चालू, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं हेडला. 0.1 व्होल्टच्या आत हवं. तिथे बरोबर आलं तर दुसरं टोक ईसीयूच्या अर्थच्या पिनेला मागून लावून तेच मोजा. इथे कंटिन्युइटीचा बीप ऐकून समाधान मानू नका, एका तारेवर लटकलेली वायरसुद्धा बीप देते.

आता खरा सापळा. यात माणूस आठवडा घालवतो, म्हणून सावकाश वाचा.

काही गाड्यांत कुलंटच्या तापमानाचा सेन्सर आणि आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा सेन्सर, दोघांचे कप्लर दोन-दोन पिनांचे, एकाच आकाराचे आणि वायर दोन्हीकडे पोचेल एवढी लांब. अदलाबदल झाली तरी दोन्ही ‘टक्’ करून बसतात. आतले थर्मिस्टरही (तापमानाबरोबर ज्यांचे ओहम बदलतात ते तुकडे) बहुतेक एकाच जातीचे: 20 अंशाला साधारण अडीच किलोओहम, 80 अंशाला 300 ओहमच्या आसपास. त्यामुळे सकाळी थंड इंजिनावर स्कॅनर (ईसीयूचे आकडे आणि दोषाचे कोड दाखवणारं यंत्र) लावला तर कुलंट 26, हवा 26. दोन्ही बरोबर! कोड नाही, कारण ईसीयूच्या दृष्टीने दोन्ही सेन्सर जिवंत आहेत. तुम्ही सेन्सरना निर्दोष ठरवता आणि प्लग, इंजेक्टर, पंप असं करत पुढे जाता.

गाडी गरम झाली की काय होतं? कुलंट 85 वर जातो, पण ईसीयूला तो ‘हवा’ म्हणून दिसतो. हवा 40 वर असते, ती ‘कुलंट’ म्हणून दिसते. इंजिन अजून थंडच आहे असं समजून ईसीयू पेट्रोल वाढवतो. दुसरीकडे हवा 85 अंशांची, म्हणजे विरळ, असं धरून तो पेट्रोल सुमारे 12 ते 13 टक्के कमी करतो. दोन चुका एकमेकींना अर्धवट झाकतात. गाडी बंद पडत नाही, नुसती नीट चालत नाही. आणि जिथे रेडिएटरचा फॅन ईसीयू फिरवतो तिथे तो सुरूच होत नाही, कारण त्याच्या लेखी कुलंट 40 च आहे. नवं गास्केट टाकलेलं इंजिन खंबाटकीच्या चढावर उकळतं आणि दोष मशिनिंगवाल्याच्या माथी जातो.

ओळखायची खूण सोपी आहे. जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याला बहुधा वेगळा सेन्सर असतो. काटा मध्यावर आणि स्कॅनरवर कुलंट 40-45 असेल तर संशय घ्या. मग कुलंटचा कप्लर काढा आणि स्कॅनरवर कोणता आकडा उणे 40 च्या आसपास पडतो ते बघा. ‘हवा’ पडली तर अदलाबदल झालीच आहे. फक्त काही ईसीयू तुटलेल्या सेन्सरच्या जागी स्वतःचा ठरावीक आकडा दाखवतात, तेव्हा कोड वाचा: कुलंट तुटला तर पी0118, हवा तुटली तर पी0113. स्कॅनर लावायचं 16 पिनांचं सॉकेट दिसलं म्हणून साधा ब्लूटूथ स्कॅनर जुन्या गाडीशी बोलेलच असं नाही. नाही बोलला तर ईसीयूच्या कुलंट पिनेवर मल्टिमीटर लावून गाडी गरम करा. व्होल्टेज सरळ उतरत एकच्या आसपास यायला हवं. ते अडीचवर अडून राहिलं तर ती वायर कुलंटला जोडलेलीच नाही.

सेन्सर की वायर हे ठरवायला दोन पिनांच्या कप्लरमध्ये वायरचा तुकडा घालून पिना जोडा. वाचन उणे 40 वरून एकदम शंभराच्या वर गेलं तर वायरिंग आणि ईसीयू ठीक. हा प्रयोग तीन पिनांच्या कप्लरवर, म्हणजे थ्रॉटल किंवा मॅप (मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब मोजणाऱ्या) सेन्सरवर, अजिबात करायचा नाही. तिथली 5 व्होल्टची लाइन अर्थला भिडली की त्या लाइनवरचे सगळे सेन्सर एकदम आंधळे होतात.

मॅपवरून आठवलं. चावी ऑन, इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. समुद्रसपाटीला 101 किलोपास्कल, पण सातारा साडेसातशे मीटरच्या आसपास, इथे 93 च्या जवळपास येणार आणि महाबळेश्वरला 86. कमी दिसतंय म्हणून चांगला मॅप सेन्सर फेकू नका.

वायरला सुई टोचून व्होल्टेज बघणं मला मान्य नाही, कोणी कितीही मोठा वस्ताद करत असो. साताऱ्याच्या पावसात त्या भोकातून पाणी आत शिरतं आणि दोन पावसाळ्यांत तांबं काळं पडतं. कप्लरच्या मागून बारीक पिन सरकवा. 5 व्होल्टच्या लाइनवर बल्बचा टेस्ट लॅम्पही नको. आणि सांगलीकडून आलेली, 2019 च्या महापुरात उभी राहिलेली गाडी असेल तर ही सगळी तपासणी हिरवट झालेल्या पिनांपासूनच सुरू करा.

वस्ताद निवडता येत असेल तर ‘काढताना काय काय सोडवलं होतंस?’ असं पहिलं विचारणारा निवडा. नुसता कोड पुसून गाडी बाहेर काढायला सांगणाऱ्याकडे हे काम शिकता येत नाही. आठवडा गेला तरी तुम्ही कच्चे ठरत नाही, कोडच नसलेला दोष जुन्या माणसांनाही घाम फोडतो.

पुढच्या वेळी हेड उतरवण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक कप्लरला व त्याच्या सेन्सरला एकाच आकड्याची कागदी टेप लावा. जोडून झाल्यावर गाडी जागेवर उभी ठेवून फॅन एकदा सुरू आणि एकदा बंद होईपर्यंत स्कॅनरवरचा कुलंट बघत राहा. फॅनने तो फेरा पूर्ण केल्याशिवाय गाडी यवतेश्वरच्या घाटात चढवू नका.