फुटबॉल स्टेडियमचा गोलमागचा स्टँड आखताना

आधी ॲथलेटिक्सचा ट्रॅक नको म्हणा. ट्रॅक आला की गोलमागचा प्रेक्षक लांब जातो आणि चाहत्यांचं गाणं हवेत विरतं. इटलीतल्या तुरिनचं देल्ले आल्पी स्टेडियम याच दुखण्यानं ओकंबोकं वाटायचं. 2011 मध्ये त्याच जागी युव्हेंटस क्लबनं ट्रॅकविना, सुमारे 41 हजार प्रेक्षकांचंच स्टेडियम उभारलं.

गोलमागे एकच सलग स्टँड ठेवा, जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबच्या स्टेडियमसारखा. मधे व्हीआयपी बॉक्सची काच घातली की वरचे आणि खालचे वेगवेगळं गाऊ लागतात.

चढ 34 अंशांच्या आसपास. बसलेल्याची नजर पुढच्याच्या डोळ्यांपेक्षा 90 मिमी वरून जावी. 60च्या खाली गेली की माना वाकड्या होतात. लोक उभे राहणार असतील तर प्रत्येक रांगेत कठडा हवाच.

छप्पर शेवटच्या नाही, पहिल्या रांगेपर्यंत आणा. खालची बाजू कडक पत्र्याची. तिथे आवाज शोषणारा थर लावला तर घोषणा तिथंच मरते. हा थर हवाच असेल तर लाउडस्पीकरचा घुमारा होतो तेवढ्याच भागात लावा.

एक मर्यादा मात्र कुठल्याही छपरानं सुटत नाही: आवाजाला 100 मीटर कापायला जवळपास 0.3 सेकंद लागतात. म्हणून समोरचा स्टँड टाळीत कायम मागे पडतो. ढोल एकाच टोकाला ठेवा.