चॅप्लन एड नेमताय? या चुका टाळा

दर सहा महिन्यांनी आमच्या ट्रूपमध्ये, म्हणजे स्काउटांच्या पथकात, निवडणूक होते. निवडून आलेला सीनियर पेट्रोल लीडर, म्हणजे मुलांचा म्होरक्या, स्काउटमास्टरशी, म्हणजे ट्रूप चालवणाऱ्या मोठ्या माणसाशी, बोलून बाकीची पदं भरतो. सामान सांभाळणारा क्वार्टरमास्टर ठरतो, नोंदी ठेवणारा स्क्राइब ठरतो, आणि पोरं जॅकेटं चढवून निघायच्या बेतात असताना कुणाला तरी आठवतं, "अरे, चॅप्लन एड राहिला!" मग ज्याच्या वाट्याला काहीच आलेलं नाही असा एक मुलगा हुडकायचा आणि ते पद त्याच्या गळ्यात घालायचं. न्यू जर्सीत एका मेथडिस्ट चर्चच्या तळघरात आमचा ट्रूप भरतो. मी तिथे नऊ वर्षं आहे, त्यातली पाच चॅप्लन म्हणून. सकाळी अथर्वशीर्ष म्हणणारा सातारचा माणूस चर्चच्या तळघरात चॅप्लन कसा, हे माझ्या सासूबाईंना मला अजून समजावता आलेलं नाही.

ज्यांचं मूल धाकट्यांचं कब स्काउट संपवून नुकतंच ट्रूपमध्ये आलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. स्काउटच्या शपथेत देवाप्रति कर्तव्य आहे आणि बारा नियमांतला शेवटचा 'रेव्हरंट', म्हणजे श्रद्धा बाळगणारा. देव कोणता, ते ज्याच्या-त्याच्या घराने ठरवायचं. ट्रूपमधली ही श्रद्धेची बाजू बघणारा चॅप्लन हा मोठा माणूस, त्याला मदत करणारा चॅप्लन एड हा मुलगा. कॅम्पवर जेवणाआधीची प्रार्थना, रविवारची छोटी सर्वधर्म प्रार्थना, वर्षाचं नियोजन करताना सगळ्यांच्या सणांची आठवण, आणि धर्मपदकांची माहिती ही एडची कामं. भटजी व्हायचं नाही.

उरलेलं पद म्हणून देणं

स्काउटच्या वरच्या तीन श्रेणींपैकी स्टारला चार महिने, लाइफला सहा, सगळ्यात वरच्या ईगलला पुन्हा सहा महिने जबाबदारीचं पद लागतं. चॅप्लन एड तिन्हींना चालतं. ब्यूगलर, म्हणजे बिगुल वाजवणाऱ्याचं पद, ईगलला चालत नाही, हे पालकांना स्काउटमास्टरच्या आधी माहीत असतं. त्यामुळे घाईतल्या लोकांची नजर इथेच पडते. काही वर्षांपूर्वी एका मुलाला आम्ही असंच नेमलं. लाइफ झालेला, हुशार, ईगलसाठी महिने मोजणारा. आई मला म्हणाली, "यात काम कमी असतं ना हो? त्याचा रोबोटिक्सचा सीझन आहे." मी हसलो आणि होकार दिला. चूक तिथेच झाली, आणि ती माझी.

ऑक्टोबरचा कॅम्प. रविवारी सकाळी तंबू गुंडाळले, ट्रेलर भरला, आणि मग त्याला प्रार्थनेची आठवण केली. त्याने खिशातून फोन काढला, काहीतरी शोधलं आणि पहिलं जे आलं ते वाचायला लागला. पहिल्या दोन ओळी बऱ्या होत्या. मग 'चिरविश्रांती' आली. मग मागे राहिलेल्यांना दुःख सोसायचं बळ मागून झालं. मृतासाठी म्हणायची प्रार्थना होती ती! तीसेक पोरं टोप्या काढून गंभीर चेहऱ्याने उभी होती. सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं आणि गाड्यांकडे पळाली. अकरा वर्षांचा एक मुलगा तेवढा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, कोण गेलं?"

त्या दिवसापासून माझे दोन हट्ट आहेत. पहिला, प्रार्थना हाताने कार्डावर लिहायची, चार ओळी, आणि फोन खिशात. आता तर यंत्राकडून अर्ध्या मिनिटात गुळगुळीत प्रार्थना लिहून घेणारेही भेटतात. मला ती वाचून घेण्यापेक्षा स्पेलिंगच्या चुका असलेलं कार्ड चालतं. दुसरा हट्ट, नाव ठरण्याआधी सीनियर पेट्रोल लीडरला मी एकच विचारतो: मागच्या कॅम्पला नवीन मुलगा एकटा जेवत बसला होता, तेव्हा त्याच्या शेजारी कोण जाऊन बसलं? जे नाव येतं, ते बहुतेक वेळा बरोबर निघतं. त्याला देवळात जायला आवडतं की नाही, हे मी विचारत नाही. नेमणूक मात्र सीनियर पेट्रोल लीडरनेच करायची. मी परस्पर करत नाही, तुम्हीही करू नका.

याचीच उलटी चूक म्हणजे पाद्रीबाबांचा किंवा देवळातल्या पुजाऱ्यांचा मुलगा आयता पकडणं. त्या बिचाऱ्याला रविवारी तरी सुट्टी द्या.

फक्त आपलं कॅलेंडर बघणं

ही चूक आम्हा मराठी लोकांची खास, म्हणून जरा सविस्तर सांगतो. २०२३ मध्ये आमचा एड मराठी होता, आणि मन लावून काम करणारा. सप्टेंबरचा कॅम्प २२ ते २४ ला ठरत होता. पोरगा नियोजनाच्या बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला, १९ ला गणपती, २२ ला गौरीपूजन, आमच्या घरांतून कुणी येणार नाही. सगळ्यांनी कौतुक केलं. मी तर छाती फुगवून बसलो होतो. कॅम्प एक आठवडा अलीकडे आणला, १५ ते १७.

तो थेट रोश हशानावर, म्हणजे ज्यू नववर्षावर. भिंतीवरच्या कॅलेंडरात १६ तारीख छापलेली होती, ती कुणी पाहिली नाही. पाहिली असती तरी शुक्रवारी संध्याकाळी निघालोच असतो, कारण ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तीन मुलं आली नाहीत. त्यांच्या घरच्यांनी तक्रार केली नाही, नुसतं 'येऊ शकत नाही' असं कळवलं. गंमत अशी की, मूळ तारखा त्यांना चालल्या असत्या. त्यांचा उपवासाचा मोठा दिवस, योम किप्पुर, २४ च्या संध्याकाळी लागत होता, तोवर सगळे घरी पोचले असते. आमच्या गौरीपायी त्यांचं नववर्ष गेलं, आणि त्या पोराला नुसती आपल्याच सणांची राखण करायला शिकवणारा मीच.

आता ऑगस्टमध्ये एड प्रत्येक पेट्रोलमध्ये, म्हणजे ट्रूपमधल्या मुलांच्या छोट्या गटात, वही घेऊन फिरतो. इंटरनेटवरची यादी मी घेऊ देत नाही. तिच्यात जगातले सगळे दिवस असतात, पण कुठल्या घरात कुठला दिवस खरोखर पाळतात ते नसतं. प्रत्येकाने घरी विचारून यायचं: कुठल्या तारखांना आम्ही येणार नाही, आणि आलो तर काय लागेल? रमझान दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकतो आणि ईद चंद्रावर ठरते, म्हणून तिथे तारखेच्या आजूबाजूचा एखादा दिवस मोकळा ठेवतो. २०२५ च्या मार्चमधला कॅम्प रमझानात आला, पण दोन्ही मुस्लिम मुलांना यायचंच होतं. तेव्हाच्या एडने पहाटे पाचला स्टोव्ह पेटवला आणि त्यांच्याबरोबर तोही ओट्स खायला बसला. आम्ही दोन मोठी माणसं डोळे चोळत शेजारी. त्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

बाकीच्या, पटापट

'येशूच्या नावाने' असा शेवट मिश्र ट्रूपमध्ये सरसकट नको, आणि आपला श्लोकही सरसकट नको. न्यू मेक्सिकोतल्या फिलमाँट रँच या स्काउटांच्या कॅम्पवरची छोटी प्रार्थना सुरुवातीला बरी: अन्न, वस्त्र, आयुष्य, संधी, मैत्री यांबद्दल आभार, संपलं. "हात जोडा" म्हणण्यापेक्षा "आपापल्या पद्धतीने" म्हणावं आणि मग खरोखर अर्धा मिनिट गप्प राहावं. पोरांना शांतता सहन होत नाही, मोठ्यांना तर मुळीच नाही.

एकुलत्या हिंदू किंवा ज्यू मुलाला उभं करून "तुमच्या धर्माबद्दल सांग" म्हणू नका. त्याला हौस असेल तर तो स्वतः येईल.

प्रार्थना चॅप्लनने लिहून एडच्या हातात देऊ नये. माझ्या हातून हे दोनदा झालंय. दोन्ही वेळा पोरगा वर्तमानपत्रातली निविदा वाचावी तसं वाचत होता.

एखाद्या मुलाने एडला घरातलं काही गंभीर सांगितलं, तर ते त्याने पोटात ठेवायचं नाही, मोठ्यांना सांगायचं. हे नेमणुकीच्या दिवशीच बजावतो. आणि मी एडला शिकवायला बसतो ते पिकनिक टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मोठ्या माणसाने मुलाबरोबर एकट्याने बसायचं नाही हा संघटनेचा नियम आहे, चॅप्लनला त्यातून सूट नाही.

धर्मपदक म्हणजे एखादा विषय शिकल्याबद्दल स्काउट संघटना देते तो मेरिट बॅज नव्हे. ते त्या-त्या धर्माच्या संस्था देतात. हिंदू मुलांसाठी 'कर्म', ज्यू मुलांसाठी 'नेर तामीद'. एडने स्वतः सुरुवात केलेली नसेल तर इतरांना काय सांगणार? पदक मिळाल्याची खूण, म्हणजे जांभळ्या कापडावर रुपेरी गाठ, गणवेशावर दिसली की पोरं आपणहून विचारतात.

आणि शेकोटी. गोमांसाची चिली आता सगळ्यांच्या लक्षात येते, मार्शमॅलो मात्र येत नाही. त्यात जिलेटिन असतं, बऱ्याचदा डुकराचं. हिंदू शाकाहारी, मुस्लिम, ज्यू अशी चार-पाच पोरं नुसती काडी हलवत बसलेली मी पाहिली आहेत, 'मला गोड आवडत नाही' असं सांगत. जिलेटिन नसलेली वेगळी पिशवी मिळते, जरा महाग असते आणि पटकन जळते. आमचा सध्याचा एड क्वार्टरमास्टरच्या यादीत ती स्वतः लिहितो. वर ठळक अक्षरात: 'या काडीला दुसरा मार्शमॅलो लावू नये.'